यात्रेचा हिशेब देवळात वाचला जातो, ग्रामपंचायतीचा ग्रामसभेत वाचला जावा

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सन्माननीय सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी,
तसेच समस्त ग्रामस्थ व मुंबईकर मंडळी

विषय : सरत्या आर्थिक वर्षाचा प्रशासन अहवाल व जमाखर्च नव्या वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत जाहीरपणे वाचून दाखवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

येत्या 31 मार्चला ग्रामपंचायतीचे 2025-26 हे आर्थिक वर्ष संपेल आणि त्यानंतर लगेचच, चैत्र वद्यात, भैरवनाथाची यात्रा भरेल. माणगंगेच्या खोऱ्यातल्या आपल्या गावाचे वर्ष खरे तर या यात्रेपासूनच सुरू होते. वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबणारे आणि मुंबई-ठाण्यात स्थिरावलेले आपले लोक त्या तीन-चार दिवसांत घरी असतात, मळ्यातल्या वस्त्यांपासून गावठाणापर्यंतची सगळी माणसे एका ठिकाणी दिसतात. याच दिवसांत एक काम व्हावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी या गावची मतदार आहे आणि बरीच वर्षे एका महिला बचत गटाच्या वह्या लिहीत आले आहे. माझा कोणत्याही पॅनेलशी संबंध नाही, हे आधीच नोंदवते, कारण आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्याचे पॅनेल आधी शोधले जाते आणि प्रश्न मागे राहतो.

यात्रा उरकली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी यात्रा कमिटी देवळाच्या सभामंडपात हिशेबाला बसते. घरटी वर्गणी किती जमली, मुंबई मंडळाने किती पाठवले, मानाच्या नारळाच्या लिलावाचे किती आले, कुस्त्यांच्या फडात इनामापोटी किती गेले, तमाशा मंडळाला ठरल्यापैकी किती दिले, मंडपवाल्याचे आणि जनरेटरचे किती, हे सगळे वहीतून मोठ्याने वाचले जाते. एखाद्याने शंभर रुपये दिले असतील आणि त्याचे नाव राहिले असेल, तर तो तिथल्या तिथे उठून विचारतो. खजिनदार त्यावर चिडत नाही, वही फिरवून त्याच्यापुढे धरतो आणि चूक असेल तर सर्वांसमोर दुरुस्त करतो. नंतर तोच हिशेब फळ्यावर लिहून देवळाच्या भिंतीला टांगला जातो आणि शिल्लक रक्कम कोणत्या खात्यावर आहे, हेही त्यात असते. हा शिरस्ता कोणत्याही कायद्याने घालून दिलेला नाही, तो गावाने आपणहून लावून घेतला आहे. म्हणूनच वर्गणी मागायला आलेल्या पोरांना आपल्या गावात कोणी दारातून परत पाठवत नाही.

हिशेबाची ही सवय केवळ देवळापुरती आहे, असेही नाही. दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ लिहिलेली पावती हातात पडते आणि बिल आले की घरातली बाई त्या पावत्यांची बेरीज बिलाशी लावून पाहते. बचत गटात मागील बैठकीचे इतिवृत्त, जमा झालेली बचत, दिलेले कर्ज आणि आलेले हप्ते वाचून झाल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि जिला सही करता येत नाही तीसुद्धा आपल्या नावापुढचा आकडा तोंडपाठ सांगते. अशा गावात ज्या संस्थेकडून दरवर्षी लाखो रुपयांचा व्यवहार होतो, तिचा जमाखर्च मात्र वर्षाकाठी एकदाही लोकांच्या कानावर पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सरत्या वर्षातल्या ग्रामसभा आठवून पाहाव्यात. 1 मेची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि पुन्हा कधी घेतली गेली, ते बहुतेकांना नंतर कळले. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला शाळेच्या पटांगणात निम्मे गाव होते, पण सभा सुरू होईपर्यंत मुले खाऊ घेऊन पांगली आणि त्यांच्यामागे आयाही गेल्या. 2 ऑक्टोबरला यंदा दसरा होता, त्यामुळे घरोघर पूजेची आणि सोने लुटायला जायची गडबड होती आणि सभेला पदाधिकाऱ्यांखेरीज मोजकीच माणसे उरली. 26 जानेवारीच्या सभेला गर्दी झाली खरी, पण ती घरकुलाच्या यादीसाठी झाली. यादीवरून आवाज चढले, कोण कोणाचा माणूस यावर विषय गेला आणि बाकीचे सगळे विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उरकले गेले. जमाखर्चाचा विषय विषयपत्रिकेवर होता. त्यावर ‘सर्वानुमते वाचून कायम करण्यात आले’ अशी नोंद झाली असेल, परंतु मी शेवटपर्यंत तिथे बसले होते आणि एकही आकडा वाचलेला ऐकला नाही.

हजेरीच्या रजिस्टरविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. सभा झाल्यानंतर दोन दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, ‘एवढी सही करा, कोरम भरायचाय’ म्हणतो आणि भाकरी थापता थापता उठून बायका सही करतात. त्या सहीने आपण कोणकोणत्या ठरावांना हात वर केला, हे त्यांना ठाऊक नसते. महिला सभेचे तर त्याहून वाईट आहे. अंगणवाडीत पोषण आहाराच्या निमित्ताने आलेल्या बायकांच्या सह्या म्हणजेच महिला सभा, असे आपल्याकडे होऊन बसले आहे. शिपायाचा यात दोष नाही, त्याला सांगितले ते तो करतो.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा स्वतंत्रपणे घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असावे लागतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मात्र ही अट राहत नाही. ही सवलत गावाचे काम अडू नये म्हणून दिलेली आहे, परंतु पहिली सभा रिकामी जाणार हे गृहीत धरूनच दुसरी बोलावली जात असेल, तर कायद्याचा हेतू पुरता मोडतो. याच अधिनियमाच्या आठव्या कलमात आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे काय ठेवायचे, ते सांगितलेले आहे. मागील वर्षाचे जमाखर्चाचे विवरण, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षात हाती घ्यायच्या विकासकामांचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणातील शेरे व त्यांना दिलेली उत्तरे, एवढे सगळे त्या एका सभेत ग्रामस्थांसमोर आले पाहिजे. म्हणजे मी जे मागते आहे ते नवे काहीच नाही. यात्रा कमिटी मनाने जे करते, ते ग्रामपंचायतीला कायद्यानेच सांगितलेले आहे.

यंदा तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 हा कालावधी 31 मार्चला संपतो. या पाच वर्षांत ग्रामपंचायतीच्या खात्यावर आलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची होती, आणि 40 टक्के अबंधित होती, जी गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायची होती. ती कशावर खर्च झाली, कोणते काम पूर्ण झाले, कोणते अर्धे राहिले आणि किती रक्कम अखर्चित आहे, हे पाच वर्षांचे चित्र एकत्र मांडायची वेळ आत्ताच आहे, कारण पुढच्या आराखड्यात काय धरायचे ते त्यावरून ठरेल. ‘सगळे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आहे, मोबाइलवर बघा’ हे उत्तर मी ऐकले आहे. माहिती तिथे आहे, हे खरेच आहे आणि ती मी पाहिलीही आहे. पण इंग्रजी रकान्यांमधली ती नावे आणि व्हाउचरचे क्रमांक पाहून आपल्या आळीतल्या गटाराचे काम कोणते, हे शिकलेल्या मुलालाही चटकन सापडत नाही, तर म्हाताऱ्या माणसाने काय करावे? ‘अमुक वस्तीपासून तमुकाच्या घरापर्यंत बंदिस्त गटार, एवढी लांबी, एवढा खर्च’ असे सभेत वाचले, तर त्या गटारालगत राहणारी बाईच सांगेल की काम तेवढे झाले आहे की नाही. एवढी साधी तपासणी कोणत्याही पोर्टलवर होत नाही.

वित्त आयोगाखेरीज ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न आहे. घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे मिळून ते फार मोठे नाही, तरी त्यातील 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावातल्या दिव्यांग व्यक्तींना या वर्षी त्यातून काय मिळाले? हा प्रश्न त्यांनी स्वतः उठून विचारावा, अशी परिस्थिती आपण येऊ देता कामा नये. ग्रामपंचायतीने तो आकडा न विचारता सांगावा.

आता पाण्याविषयी, कारण आपल्या भागात दुसऱ्या कोणत्याही विषयाला पाण्याएवढे महत्त्व नाही. गेल्या वर्षी मे महिन्यातच पाऊस आला, ओढे वाहिले आणि टँकरचा विषय मागे पडला. परंतु एका चांगल्या पावसाने हा तालुका अवर्षणप्रवण राहिलेला नाही, असे समजण्याची घाई करू नये. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक माणसाला दररोज 55 लिटर शुद्ध पाणी घरातल्या नळाने मिळावे, असे ठरले आहे. आपल्या गावात त्यासाठी रस्ते खोदले गेले, निळे पाइप दारापर्यंत आले, कित्येक घरांना तोट्याही बसल्या. पण वरच्या वस्तीवर व्हॉल्व्ह सोडल्यानंतर खालच्या आळीत पाणी यायला पाऊण तास लागतो, तोवर सोडायची वेळ संपत आलेली असते आणि उताराच्या शेवटच्या घरांना दोन घागरींपलीकडे काही मिळत नाही. तिथल्या बायकांनी तोटी काढून टाकून पाइप जमिनीलगत कापला आहे आणि खड्ड्यात घागर ठेवून त्या पाणी भरतात. पाऊस पडला की त्याच खड्ड्यात चिखलाचे पाणी साचते आणि पुरवठा बंद असताना ते परत पाइपात ओढले जाते. गॅस्ट्रोची साथ यायला याहून वेगळे कारण लागत नाही.

म्हणून पाणीपुरवठ्याविषयी अहवालात चार आकडे हवेतच, असा माझा आग्रह आहे. योजनेचे काम अंदाजपत्रकाप्रमाणे किती झाले आणि ठेकेदाराला किती देयक दिले गेले? पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर वर्षभरात किती खरेदी झाली आणि किती वापरली गेली? पाण्याचे नमुने किती वेळा तपासले आणि त्यांपैकी किती पिण्यास अयोग्य निघाले? पंपाचे वीजबिल किती आहे आणि त्यापैकी थकीत किती? गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण द्यायचे असते. आपल्या गावातही ते झाले, परंतु किट कार्यालयाच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली त्या महिलांकडे नाही. ते किट त्यांच्या ताब्यात द्यावे आणि त्यांनी काढलेले निष्कर्ष दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

हिवरे बाजारचे उदाहरण आपल्याकडे प्रत्येक भाषणात येते, पण त्यातले काय घ्यायचे ते कोणी सांगत नाही. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले. त्यानंतरच्या बंधाऱ्यांइतकेच आणि झाडांइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखायचा आणि उरलेल्यातून कोणती पिके घ्यायची, याचा हिशेब तिथे ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्याप्रमाणे पिके ठरतात. जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब एखादे गाव देऊ शकत असेल, तर बँकेतल्या पैशांचा हिशेब देणे आपल्याला अवघड जाऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले, ते भिंतीवर रंगवण्यापुरते नव्हते. तिथे अभ्यासगटात बसून लोक विषय आधी समजून घेतात आणि मग सर्वांच्या संमतीने सभा निर्णय करते. आपल्याकडे मात्र विषय सभेच्या दिवशीच कळतो आणि समजण्याच्या आत मंजूर होतो.

घरकुल यादीबद्दल थोडेच लिहिते. 2025 मध्ये आवास प्लसचे सर्वेक्षण झाले, त्यात ज्यांची नावे नोंदली गेली आणि ज्यांची अपात्र ठरली, त्या दोन्ही याद्या अपात्रतेच्या कारणासह फलकावर लावाव्यात. कारण लिहिले असले की निम्मी भांडणे आपोआप मिटतात. रस्त्यावरच्या दिव्यांबाबत, कोणते दिवे बंद आहेत हे सर्वांना दिसतेच आहे, त्यासाठी अहवालाची गरज नाही. ते सुरू करावेत.

सरपंच ताई, पुढचा मजकूर मी खास तुम्हाला उद्देशून लिहिते आहे. तुम्ही आणि मी एकाच वर्षी गटात आलो. कर्जाच्या हप्त्यात बारा रुपयांची तफावत निघाली होती, तेव्हा सगळ्या वह्या पुन्हा बेरजेला लावून ती तुम्ही शोधली होती, हे माझ्या पक्के लक्षात आहे. त्या खुर्चीवर तुम्हाला गावाने थेट मतदानाने बसवले आहे आणि ग्रामनिधीच्या खात्यावर सही तुमची चालते. असे असताना सभेत प्रश्न विचारला की उत्तर तुमच्या घरच्या माणसांनी द्यावे आणि तुम्ही खाली मान घालून बसावे, हे पाहून आम्हा सगळ्या बायकांना आतून त्रास होतो. महिलांना अर्ध्या जागा मिळाल्याला दीड दशक होत आले, तरी आपल्या पंचायतीत अर्धी बोलणी अजून मिळालेली नाहीत. या वर्षीचा अहवाल तुम्ही स्वतः वाचावा. अडलेच तर सांगायला शेजारी ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब बसलेले असतील आणि समोर आम्ही असू.

भाऊसाहेब, तुमच्याकडे किती कामे आहेत याची मला कल्पना आहे. एका माणसाकडे दोन-दोन गावे, वर रोज कुठल्या ना कुठल्या मोहिमेचे फोटो आणि ऑनलाइन माहिती मागणारे आदेश, यांत अहवाल लिहायला वेळ उरत नसेल. पण नमुना 1 ते 33 ही दप्तरे नियमाप्रमाणे ठेवलेली असतील तर अहवालाची बहुतेक माहिती तयारच आहे, ती साध्या मराठीत चार-पाच पानांवर उतरवायची आहे. बचत गटांतल्या पदवीधर मुली त्यासाठी बसायला तयार आहेत.

ग्रामस्थांनाही सांगावेसे वाटते. घरपट्टी चार-चार वर्षे थकवायची आणि दिवा का लागत नाही म्हणून ओरडायचे, हे आपल्यापैकी पुष्कळजण करतात. हरिनाम सप्ताहाच्या पंगतीला शंभर हात वाढायला पुढे येतात, ‘एक गाव एक गणपती’साठी तरुण मुले रात्र रात्र जागतात, शाळेच्या कंपाउंडला आपण श्रमदान केले, मग ग्रामसभेच्या दोन तासांनाच आपल्याला वेळ का नसतो? थकबाकीदारांची यादीही अहवालाबरोबर वाचली जावी, असे माझे मत आहे, आणि त्यात पदाधिकाऱ्यांच्या भावकीची नावे असतील तर तीही यावीत. मुंबईकर मंडळींचा तर मोठा आधार आहे. यात्रेला आणि देवळाच्या कळसाला तुम्ही सढळ हाताने देता आणि तुमच्यापैकी अनेकांची नावे अजून गावच्या मतदार यादीत आहेत. वर्षातून एकदा दोन तास सभेला बसलात, तर तुमच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याचा उपयोग होईल.

म्हणून विनंती अशी की, नव्या आर्थिक वर्षाची पहिली ग्रामसभा यात्रेच्या हिशेबाच्याच दिवशी, देवळातला हिशेब आटोपल्यानंतर, शाळेच्या पटांगणात ठेवावी. 1 मेपर्यंत थांबले की मुंबईकर परत गेलेले असतात आणि उन्हाचा कडाका वाढलेला असतो. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी काढावी, ती फलकावर दुसऱ्या कागदाखाली न जाता ठळक दिसेल अशी लावावी, दवंडी द्यावी आणि वाड्या-वस्त्यांवर घंटागाडीच्या भोंग्यावरूनही सांगावे. महिला सभा आदल्या दिवशी दुपारी, म्हणजे धारा आणि स्वयंपाक यांच्या मधल्या वेळेत, प्रत्यक्ष घ्यावी आणि तिच्यातले ठराव दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत आधी वाचावेत. हजेरीच्या सह्या सभेच्या जागीच व्हाव्यात, सभा संपताच रजिस्टर बंद करावे आणि इतिवृत्त तिथेच लिहून वाचून दाखवावे. अहवालाच्या प्रती देवळात, दूध संकलन केंद्रावर, दोन्ही अंगणवाड्यांत आणि शाळेत ठेवाव्यात. प्रतींच्या झेरॉक्सचा खर्च आणि बसायच्या सतरंज्यांची व्यवस्था गावातले महिला बचत गट मिळून करतील, तसा ठराव आमच्या गटाच्या बैठकीत झाला आहे आणि त्याची प्रत या पत्रासोबत कार्यालयात दिली आहे. सभेची तारीख गुढीपाडव्यापूर्वी कळवावी.

कळावे,

आपली विश्वासू,
एक ग्रामस्थ मतदार व महिला बचत गटाची सचिव